शर्यतीच्या मोटारीचे चाक : निवडीचा इतिहास

शर्यतीच्या मोटारीचा इतिहास बहुधा अश्वशक्तीच्या अंगाने लिहिला जातो. चाकाकडे इतिहासकाराचे लक्ष जाते ते चाक मोडल्यावर. वस्तुतः भरवशाचे चाक कोणते, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे, आणि ‘अधिक मजबूत ते’ हे उत्तर पुरेसे ठरलेले नाही.

१९०६ साली ल मां येथे झालेल्या ग्रां प्री शर्यतीत लाकडी आऱ्यांची चाके होती. फाटलेले टायर चालक व त्याचा यांत्रिक यांनाच कापून काढावे लागे. मिशलँ कंपनीच्या सुट्या होणाऱ्या कडांमुळे हे काम काही मिनिटांवर आले. कडांनी वजन वाढत असूनही रेनोने त्या पत्करल्या, आणि सिस विजयी झाला. पुढे इंग्लंडात रज-व्हिटवर्थ यांचे संबंध निखळणारे तारांचे चाक आले. १९०८ च्या ग्रां प्रीत फ्रेंच संयोजकांनी ते नाकारले, म्हणून नेपियरच्या मोटारी शर्यतीस उतरल्या नाहीत.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. बैलगाडीच्या चाकात तुंब्यापासून निघणारा तो ‘आरा’, आणि मोटारीच्या चाकातील तारेलाही आपण आराच म्हणतो. परंतु दोहोंचे कार्य परस्परविरुद्ध आहे. लाकडी आरा दाबला जाऊन भार पेलतो. तार मुळातच ताणून बसविलेली असते आणि भार आला म्हणजे जमिनीलगतच्या तारांचा ताण उतरतो. नाव टिकले, क्रिया पालटली. तारेच्या चाकाचा मोठा गुण यातूनच आला: सैल तारेवर टिचकी मारली की ती बद्द वाजते. एखादी तार तुटली तरी शेजारच्या तारा काही काळ भार वाटून घेतात. म्हणजे हे चाक बिघडण्यापूर्वी बोलते. मात्र वळणावरील आडव्या जोराने तारा वारंवार सैल होत, आणि चाक पुनःपुन्हा सरळ करावे लागे.

ऑगस्ट १९२४ मध्ये लियों येथे बुगाटीने ‘टाइप ३५’ ही मोटार उतरविली. तिची चाके अॅल्युमिनियमची ओतीव असून त्यांना आठ चपटे आरे होते व ब्रेकचा ड्रम चाकाशीच एकजीव होता. त्या दिवशी दगा दिला तो टायरांनी. चाकांकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती. १९५० नंतरच्या दशकात मॅग्नेशियमची पाळी आली. १९५७ च्या ‘लोटस १२’ वरील नागमोडी तबकडीचे चाक प्रसिद्धच आहे. मॅग्नेशियमची घनता अॅल्युमिनियमच्या सुमारे दोन तृतीयांश. पण ते लवकर गंजते. शिवाय ओतीव चाकातील थकव्याची चीर मुकाट्याने वाढते. कान येथे निरुपयोगी ठरला, आणि चिरेत झिरपणारा रंग लावून ती डोळ्यांना दिसेल अशी करण्याची पद्धत शर्यतीच्या कार्यशाळांत रूढ झाली.

जून १९६० मध्ये स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या ‘लोटस १८’ चे मागचे चाक निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. तुटले होते ते चाक नव्हे, तर ते धरणाऱ्या आसाचे टोक. चाकाची निवड चाकापाशीच संपवणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

हल्ली हौशी चालकही स्वतःची मोटार घेऊन धावपट्टीवर जातात. जपानी ‘जेडब्ल्यूएल’ मानकात वाकविणाऱ्या फेऱ्यांचा थकवा, उभ्या भाराचा थकवा व १३ अंशांनी कलत्या चाकावरील आघात अशा परीक्षा आहेत. पण हे मानक रस्त्यासाठी आहे. धावपट्टीवर चिकट टायर, तापलेले ब्रेक आणि कडेच्या उंचवट्यांचे तडाखे यांची भर पडते. तेव्हा तो शिक्का म्हणजे किमान अट समजावी. घडीव अॅल्युमिनियम ओतिवापेक्षा साधारणतः चिवट असते, आघाताने फुटण्याआधी वाकते, आणि वाकलेले चाक थरथरून चालकाच्या हाताला कळते. जुनी मॅग्नेशियमची चाके केवळ रूपावर भाळून घेणाऱ्यांनी निदान रंग खरवडून चिरा तपासून घ्याव्यात, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर, चाके निवाली म्हणजे, नट पुन्हा मापाने आवळावेत.