पिवळें पान काय सांगतें?



काचेच्या कुंडांत मासे पाळण्याची हौस आतां अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या उपनगरांतील पुष्कळ घरांत शिरली आहे. मासा मलूल झाला म्हणजे घरांतील सर्व मंडळी त्याच्या भोंवतीं जमतात. परंतु शेजारची पाणवनस्पति पिवळी पडली, तर ‘हिला येथलें पाणी मानवलें नाहीं’ एवढेंच म्हणून ती उपटून टाकली जाते. वास्तविक पिवळें पान ही त्या मुक्या जीवाची तक्रार होय. ही तक्रार वाचावयास शिकण्यास मनुष्यास जवळजवळ तीन शतकें लागलीं. तो इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

वनस्पति काय खाते, हा प्रश्न जुना आहे. व्हान हेल्मोंट नांवाच्या विद्वानानें मोजून घेतलेल्या मातींत विलो जातीचें रोप लाविलें आणि पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाडाचें वजन ५ पौंडांवरून सुमारें १६९ पौंडांवर गेलें. मातींत मात्र अवघी दोन औंस घट आली. झाड पाण्याचेंच बनतें, असा निष्कर्ष त्यानें काढला, व तो त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १६९९ सालीं इंग्लंडांत वुडवर्ड ह्यानें पुदिन्याचीं रोपें निरनिराळ्या पाण्यांत वाढविलीं. पावसाच्या पाण्यांतलें रोप कमी वाढलें, थेम्स नदीच्या पाण्यांतलें अधिक, आणि बागेची माती कालविलेल्या पाण्यांतलें सर्वांहून अधिक. तेव्हां वनस्पतीचें पोषण नुसत्या पाण्यानें होत नसून पाण्यांत विरघळलेल्या कांहीं पदार्थांनीं होतें, हें त्यास उमगलें. काचकुंडाच्या शास्त्राचें बीज मला ह्याच प्रयोगांत दिसतें.

ते पदार्थ कोणते? फ्रान्समध्यें १८४३-४४ च्या सुमारास यूसेब ग्री ह्यानें फिकट पडलेल्या पानांना लोहाचा क्षार देऊन पाहिला, तों तीं पुनः हिरवीं झालीं. पानाच्या रंगावरून उणीव ओळखून ती भरून काढल्याचें हें फार महत्त्वाचें उदाहरण होय. त्याच काळांत जर्मनींत श्प्रेंगेल व त्याच्यामागून लीबिग ह्यांनीं असा नियम मांडला कीं, वाढ ठरते ती मुबलक असलेल्या द्रव्यावरून नव्हे, तर सर्वांत अपुऱ्या असलेल्या द्रव्यावरून. घरांत तांदूळ पोतेंभर असला, पण सरपण एका वेळेपुरतेंच असलें, तर भात एका वेळेचाच शिजणार!

१८६० च्या सुमारास झाक्स व क्नोप ह्यांनीं माती अजिबात वगळून क्षारमिश्रित पाण्यांत झाडें वाढविलीं. आतां एकेक द्रव्य मुद्दाम गाळून परिणाम पाहणें शक्य झालें. ह्या वाटेनें जातां जातां एक मोठी मार्मिक गोष्ट उघडकीस आली. नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम हीं द्रव्यें झाडाच्या अंगांत फिरतीं असतात. त्यांची टंचाई झाली कीं झाड तीं जुन्या पानांतून काढून कोंवळ्या पानांस देतें, जशी एकत्र कुटुंबांतील वडील मंडळी स्वतः अर्धपोटीं राहून मुलांच्या पानांत वाढतात. ह्याउलट लोह व चुना हीं द्रव्यें एकदां ज्या पानांत बसलीं तेथून सहसा हलत नाहींत. म्हणून त्यांची उणीव नव्या पालवींत प्रथम दिसते. १९३९ सालीं अमेरिकेंत आर्नन व स्टाउट ह्यांनीं आवश्यक द्रव्य कोणास म्हणावें ह्याची कसोटी घालून दिली. आज अशीं सतरा द्रव्यें मानलीं जातात.

आतां काचकुंडाकडे वळूं. १८५० सालीं लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यांनीं सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नांवाचें पाणगवत व पाणगोगलगाई एकत्र ठेविल्या. वनस्पति प्राणवायु देई, गोगलगाई कुजकीं पानें खात, आणि पाणी दीर्घकाळ निर्मळ राही. ह्या प्रयोगावरून ‘कुंड स्वतःच स्वतःचा समतोल राखतें’ अशी एक गोड समजूत रूढ झाली. परंतु लंडनचें पाणी चुन्याचें आहे, आणि व्हॅलिस्नेरिया तसल्या पाण्यांतील बायकार्बोनेटांतूनही आपला कर्ब मिळवूं शकते, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

आमच्या नळाचें पाणी तसें नव्हे. विहार तलाव १८६० सालीं, तुळशी १८७९ सालीं आणि तानसा १८९२ सालीं तयार झाला. पुढें वैतरणा व भातसा ह्यांचें पाणी आलें. हें सारें काळ्या खडकाच्या डोंगरांवर पडलेलें पावसाचें पाणी. तें मृदु, म्हणजे चुना व मॅग्नेशियम थोडें असलेलें असतें. ह्याउलट एखाद्या इमारतींत कूपनलिकेचें पाणी मिसळत असेल, तर तें बहुधा जड असतें. एकाच गल्लींतील दोन घरांत एकच वनस्पति निरनिराळी वागते, तिचें कारण पुष्कळदां येथें सांपडतें.

तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा: रोग जुन्या पानांवर आहे कीं नव्या? जुनें पान सबंध पिवळें पडत असेल तर नत्र कमी; शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम; त्यावर बारीक भोकें पडून कडा करपत असतील तर बहुधा पालाश; वाढ खुंटून पानें काळपट हिरवीं होत असतील तर स्फुरद. नवें पान फिकट पांढुरकें निघालें तर लोह, आणि वेडेंवांकडें होऊन शेंडा मरूं लागला तर चुना. सर्वच वाढ मंद असेल तर कर्बवायूचा संशय घ्यावा; कारण हवेच्या मानानें पाण्यांत तो सुमारें दहा हजार पट सावकाश पसरतो.

तथापि घाईनें निदान करूं नये. पुष्कळ वनस्पति रोपवाटिकेंत पाण्याबाहेर वाढविलेल्या असतात. बुडविल्यावर त्यांचीं जुनीं पानें गळतातच. कोंकणच्या ओढ्यांत ज्या कुळांतील झाडें आढळतात, तें क्रिप्टोकोरिन जागा बदलतांच विरघळल्यासारखें होतें व मुळांपासून पुनः फुटतें. भोकें गोगलगाईंचींही असूं शकतात. म्हणून एका वेळीं एकच द्रव्य, तेंही थोडें द्यावें आणि दोन आठवडे नव्या पानांवर लक्ष ठेवावें. बिघडलेलें जुनें पान बहुधा सुधारत नाहीं. बागेंतला युरिया कुंडांत टाकणें तर धोक्याचेंच. त्यापासून होणाऱ्या अमोनियानें मासे मरतात.

उणिवेची ही कथा झाली. अतिरेकाची कथा वाचावयास पवईस जावें. १८९१ सालीं पिण्याच्या पाण्यासाठीं बांधलेला तो तलाव त्या कामीं निरुपयोगी ठरला. पुढें त्यांत सांडपाणी मिसळूं लागलें आणि दक्षिण अमेरिकेची जलपर्णी त्यावर माजली. जें नत्र व स्फुरद कुंडांत नसल्यामुळें पान पिवळें पडतें, त्याच्याच अतिरेकानें सबंध तलाव हिरवा होऊन गुदमरतो. आपल्या कुंडांतील नकोशी वनस्पति अशा तलावांत सोडून देणें हाही अपराधच होय. आपल्याकडील तळ्यांत सहज दिसणारें हायड्रिला १९५० नंतरच्या दशकांत काचकुंडांच्या व्यापारामार्फत फ्लोरिडांत गेलें आणि तेथील जलाशयांस संकट होऊन बसलें.

वॉरिंग्टनच्या कुंडांत पिवळें पान गोगलगाईच्या मुखीं जाई. त्याच्या अगोदर व मागाहून झालेल्या शास्त्रज्ञांनीं मात्र तेंच पान उचलून वाचावयास घेतलें. आपणही तें फेंकण्यापूर्वीं एकवार निरखून पाहावें: तें जुनें कीं नवें, त्याच्या शिरा हिरव्या कीं पिवळ्या. औषध मागाहून शोधावें. पानाचें म्हणणें आधीं ऐकावें.