शालेय बास्केटबॉल : चौघी थांबल्या, की संघच संपतो

पुणे - शाळकरी मुलींचा बास्केटबॉलमधील सहभाग कमी होतो, तेव्हा त्याचा फटका खेळ सोडणाऱ्या मुलींपुरता राहत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार संघात १२ खेळाडू असू शकतात. मात्र पाच जणी सज्ज असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांतही पाच खेळाडू उपलब्ध नसल्यास प्रतिस्पर्धी संघ विजयी ठरतो. आठ जणींच्या संघातील चौघींनी शिकवण्यांसाठी सराव सोडला, तर उरलेल्या चौघींचीही स्पर्धा संपते. धावपटूवर अशी वेळ येत नाही.

शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. यांपैकी मधल्या गटावर दहावीचे सावट असते. पात्र खेळाडूंना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात; पण त्यासाठी आधी संघ उभा राहावा लागतो.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील अहवालानुसार, ११ ते १७ वयोगटात पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्यांचे जागतिक प्रमाण २०१६ मध्ये मुलींत ८५ टक्के, तर मुलांत ७८ टक्के होते.

भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेली शिरीन लिमये पुण्याचीच. अशी खेळाडू शाळेतून घडायची, तर तिच्यासोबत मैदानात उतरणाऱ्या आणखी चौघी टिकविणे आवश्यक आहे.