साउथ फील्डवरचा लू गेरिग : पाहिलेलं आणि आठवलेलं

प्रत्यक्ष पाहणाऱ्याची आठवण इतिहासात कितपत धरायची, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. आज त्यासाठी मी तुम्हाला जरा लांब, न्यूयॉर्कला नेणार आहे. विषय बेसबॉलचा आहे. घाबरू नका, नियम लागतील तेवढेच सांगतो. (हशा)

जागा आहे कोलंबिया विद्यापीठ. आपल्याला हे नाव माहीत आहे ते बाबासाहेबांमुळे. १९१३ ते १९१६ या काळात ते तिथे शिकत होते. विद्यापीठाची लो लायब्ररी, तिच्या त्या रुंद पायऱ्या, समोरून वाहता ११६वा रस्ता आणि रस्त्यापलीकडे साउथ फील्ड नावाचं मैदान. बाबासाहेब तिथून निघाल्यावर पाच वर्षांनी, १९२१ साली, याच शहरात जन्मलेला एक मुलगा इंजिनिअरिंग शिकायला तिथे दाखल झाला. नाव लू गेरिग. जर्मनीहून आलेल्या गरीब कुटुंबातला. चार भावंडांपैकी एकटाच जगलेला. आई विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका वसतिघरात स्वयंपाकीण होती. मुलानं इंजिनिअर व्हावं एवढीच तिची इच्छा, आणि मुलाच्या हातात बॅट!

तो कॉलेजात आला तेव्हाच शहराला थोडाफार माहीत होता. जून १९२० मध्ये शाळेच्या संघातून तो शिकागोला खेळायला गेला होता. वय नुकतंच १७ झालेलं. तिथल्या व्यावसायिक संघाच्या मैदानावर शेवटच्या डावात, तिन्ही बेसवर आपले खेळाडू उभे असताना, त्याने चेंडू थेट मैदानाबाहेर घालवला. न्यूयॉर्कच्या शाळकरी पोराचं नाव त्या दिवसापासून पेपरात.

पण कॉलेजचं पहिलं सत्र सुरू होण्याआधीचा उन्हाळा त्याला महागात पडला. त्याने खोटं नाव लावून हार्टफर्डच्या व्यावसायिक संघातून काही सामने खेळले. घरी पैशाची चणचण होती. ते उघडकीस आलं आणि वर्षभर कॉलेजकडून खेळायची बंदी झाली. त्यामुळे कोलंबियासाठी तो बेसबॉलचा एकच हंगाम खेळला, १९२३चा. ज्या आठवणी पुढे वर्षानुवर्षं सांगितल्या गेल्या, त्या सगळ्या या एका वसंत ऋतूतल्या.

आता १८ एप्रिल १९२३ हा दिवस बघा. हार्लेम नदीच्या पलीकडे, ब्रॉंक्समध्ये, यँकी स्टेडियमचं त्या दिवशी उद्घाटन होतं. बेब रूथने होम रन मारला आणि शहर वेडं झालं. प्रेक्षकांचा जाहीर आकडा ७४,२००. तो फुगवलेला होता हे पुढे मान्य झालं. म्हणजे तिथेही बघा, मोजणी करणाराच वाहवला! त्याच दुपारी साउथ फील्डवर मूठभर लोकांसमोर गेरिग विल्यम्स कॉलेजविरुद्ध चेंडू टाकत होता. नऊ डावांत एका संघाचे २७ गडी बाद करावे लागतात. त्यांतले १७ त्याने स्ट्राइकआउट केले, म्हणजे फलंदाजाची बॅट चेंडूला नीट लागूच दिली नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर १७ जणांच्या दांड्या गुल. विद्यापीठाचा तो विक्रम ठरला.

आणि सामना? कोलंबिया ५-१ असा हरली. १७ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी, ५-१ फारसं कुणी बोलत नाही. चाहत्याच्या आठवणीत पराभव आधी गळतो. मला यात लबाडी दिसत नाही. त्याने जे बघायला जावं ते बघितलं, निकाल त्याच्या दृष्टीने किरकोळ होता. पण इतिहास लिहिणाऱ्याने निकाल विसरून कसं चालेल?

खरी गंमत आहे त्याच्या लांब फटक्यांची. एप्रिलच्या अखेरीस न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीविरुद्ध त्याने साउथ फील्डवर एक होम रन मारला. तो चेंडू कुठे पडला? कुणी म्हणतो, लो लायब्ररीच्या पायऱ्यांवर. कुणी म्हणतो, पत्रकारितेच्या इमारतीवर आदळला. कुणी त्याला ११६व्या रस्त्यावर ब्रॉडवेच्या कोपऱ्यापर्यंत नेतो. अंतर साडेचारशे फूट असं सांगतात, पण तेव्हा टेप घेऊन कोण धावलं होतं! शिवाय त्या हंगामात त्याने सात होम रन मारले. सात फटके एकात मिसळून एकच महाफटका तयार झाला असेल, अशी मला दाट शंका आहे. आपल्याकडेही गावचा एखादा कुस्तीचा फड असाच वाढत जातो की.

मग हे सगळं टाकून द्यायचं का? मुळीच नाही. साक्षीदार जिथे भांडतात ते बाजूला ठेवा, आणि न भांडता काय गृहीत धरतात ते बघा. चेंडू मैदानाबाहेर गेला, विद्यापीठाच्या इमारतींच्या दिशेने गेला, याबद्दल वाद नाही. त्याला आधार देणारा कागदही आहे: .४४४ ही त्या हंगामातली फलंदाजीची सरासरी. आणि यँकीजचा माणूस पॉल क्रिचेल त्या आठवड्यात त्याच्या मागावर होता. त्याने जे पाहिलं त्याचा पुरावा म्हणजे करार. महिना संपायच्या आत गेरिगने सही केली, बोनस १५०० डॉलर. घरात आजारपण होतं, पैसा हवा होता. आईचं इंजिनिअरचं स्वप्न तिथेच थांबलं.

आठवणींत हा भाग क्वचित येतो. कॉलेजातल्या सुखवस्तू मुलांत तो कधी मोकळा झाला नाही, असं चरित्रकारांनी नोंदवलंय. ज्यांच्या घोळक्यात तो अवघडून उभा राहायचा, त्याच पिढीने पुढे ‘आमचा लू’ म्हणून त्याचे किस्से सांगितले. यात मला थोडं खटकतं, लपवत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. १९२५पासून सलग २,१३० सामने, मग तो असाध्य आजार, २ मे १९३९ रोजी स्वतःहून संघाबाहेर बसणं, आणि २ जून १९४१ला मृत्यू. साउथ फील्डवर तोवर मोठं नवं ग्रंथालय उभं राहिलं होतं, १९३४ साली. आज बटलर लायब्ररी म्हणतात ती. सामने शहराच्या उत्तर टोकाला बेकर फील्डवर गेले.

अमेरिकेत बेसबॉलचा सामना पहिल्यांदा टेलिव्हिजनवर दाखवला गेला तो याच बेकर फील्डवरून, कोलंबिया विरुद्ध प्रिन्स्टन. तारीख होती १७ मे १९३९. गेरिग बाहेर बसला त्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.