न्यायप्रक्रियेतील कृत्रिम बुद्धिमत्ता (पनवेल व महाराष्ट्र)
पनवेलसारख्या तालुक्याच्या ठिकाणी बदल मुख्यतः स्वयंचलनाचा आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे खटल्याच्या १६ अक्षरांकी सीएनआर क्रमांकावरून पक्षकाराला पुढची तारीख मोबाइलवर कळते. भाडेकरूंच्या या शहरात त्याहून रोजचा बदल म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारांची ऑनलाइन नोंदणी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती सक्तीची असून अंगठा आता दुय्यम निबंधक कार्यालयात न जाताही देता येतो.

खरी कृत्रिम बुद्धिमत्ता आली ती भाषांतरातून. तालुका न्यायालयांत बराच कारभार मराठीत, तर उच्च न्यायालयात इंग्रजीत चालतो. सर्वोच्च न्यायालयाची २०१९ मधील ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली त्यासाठी उपयोगी पडते. मात्र तिचा मसुदा जाणत्या अनुवादकाने तपासावाच लागतो. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला (२०२३) ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, त्यांतील ५३.५७ कोटी अशा नव्या तंत्रांसाठी, म्हणजे तसे थोडेच.

यंत्राने खोटे दाखले रचण्याचा धोकाही काल्पनिक नाही. अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांवर बेतलेला प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केला आणि यंत्राने दिलेले दाखले पडताळूनच वापरावेत, असे बजावले.