गल्फस्ट्रीम विमानांची वंशावळ

काही यंत्रे माणसांप्रमाणे घराण्याने वाढतात. अमेरिकेतील ‘गल्फस्ट्रीम’ ही विमाने अशांपैकीच होत. उद्योगपतींच्या दूरच्या प्रवासासाठी बांधलेल्या या विमानांची वंशावळ आम्ही आज आपल्यापुढे मांडीत आहो.

या घराण्याचा मूळ पुरुष १९५८ साली आकाशात झेपावला. नौदलाला लढाऊ विमाने पुरविणाऱ्या ग्रुमन कंपनीने तो घडविला. रोल्स-रॉइसच्या दोन ‘डार्ट’ एंजिनांवर त्याचे पुढचे पंखे फिरत. १९६६ साली उडालेल्या दुसऱ्या पिढीने या पंख्यांना रजा दिली आणि शेपटाजवळ दोन ‘स्पे’ जेट एंजिने बसविली. वेग वाढला, पण ही एंजिने मोठी खादाड होती. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. इंधन अधिक भरले की वजन वाढते, आणि ते वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन जळते. तेव्हा नुसती टाकी मोठी करून भागत नाही.

१९७८ साली ॲलन पॉलसन यांनी हा धंदा ग्रुमनकडून विकत घेतला. १९७९ साली उडालेल्या तिसऱ्या पिढीत पंख लांबविले व त्यांची टोके वर वळविली. टोकांशी उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांत जी शक्ती वाया जाई, तिची त्यामुळे बचत झाली. १९८५ साली चौथीला कमी इंधन खाणारी ‘टे’ एंजिने मिळाली. १९९५ साली उडालेल्या पाचवीचा पल्ला ६,५०० सागरी मैल, म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटर झाला. न्यूयॉर्कहून टोकिओ एका झेपेत आले!

पुढे २००९ साली ‘जी-६५०’ उडाले. २ एप्रिल २०११ रोजी न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे, एक एंजिन बंद पडल्यास उड्डाण कसे होईल याची चाचणी चालू असता ते कोसळले. आतील चौघेही मृत्यू पावले. सरकारी चौकशीत असे आढळले की, उड्डाणासाठी ठरविलेले वेग चुकीने कमी धरले होते. जमिनीलगत पंख किती कोनापर्यंत विमान तोलून धरतील, हा अंदाजच फसला होता. आधीच्या चाचण्यांत विमान दोनदा असेच कलंडले होते. त्याचा पुरता छडा कोणी लावला नव्हता.

वेग दुरुस्त झाले, आणि २०१२ साली विमानाला परवाना मिळाला. आज त्यात निर्धास्त बसणाऱ्या प्रवाशाला ते चौघे ठाऊकही नसतील. या वंशावळीत मात्र त्यांची नोंद असावी, असे आम्हांस वाटते. यंत्राने दोनदा इशारा दिला होता. तो वेळीच ऐकला असता, तर ती नोंद करण्याची पाळी आली नसती.