पलट्यातून जन्मलेले गीत

ज्या कृतीसाठी कलावंताने रक्ताचे पाणी करावे तिच्याकडे जगाने पाठ फिरवावी, आणि सहज हातून घडलेल्या एखाद्या लहानशा रचनेने त्याचे नाव घरोघरी पोहोचवावे, असे प्रसंग कलेच्या इतिहासात विरळ नाहीत. अशा वेळी योगायोग म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु योगायोगामागे पुष्कळदा दीर्घ साधना उभी असते आणि आपल्याच निर्मितीविषयीचा कलावंताचा संकोचही असतो. अमेरिकेतील ‘कॅन्सस’ या रॉक वाद्यवृंदाच्या ‘डस्ट इन द विंड’ या गीताची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

हा वृंद कॅन्सस राज्याच्या राजधानीतला, टोपेका नगरीतला. आपल्या प्रांताचेच नाव त्याने धारण केले. १९७४ साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावरही टोपेकाच्या विधानभवनातील भित्तिचित्राचा भाग घेतलेला होता. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राउन आणि त्याच्या पाठीमागे घोंघावणारे चक्रीवादळ, असे ते जॉन स्टुअर्ट करी या चित्रकाराचे प्रसिद्ध चित्र. रॉक संगीतात सहसा न आढळणारे व्हायोलिन या वृंदात प्रमुख स्थानी होते. लांबलचक, गुंतागुंतीच्या, लयीची वळणे घेणाऱ्या रचना हे त्याचे वैशिष्ट्य. १९७५ मधील ‘साँग फॉर अमेरिका’ हे एकच गीत सुमारे दहा मिनिटांचे आहे. या वृंदाचा श्रोताही अशाच भारदस्त बांधणीची अपेक्षा ठेवून येई.

१९७६ च्या अखेरीस आलेल्या ‘लेफ्टओव्हर्चर’ या ध्वनिमुद्रिकेने वृंदाचे दिवस पालटले. तीतील ‘कॅरी ऑन वेवर्ड सन’ हे गीत ‘बिलबोर्ड’च्या क्रमवारीत अकराव्या स्थानापर्यंत गेले. कीर्ती आली, पैसा आला, आणि पुढील ध्वनिमुद्रिका याहून सरस झाली पाहिजे हे दडपणही आले. मुख्य रचनाकार केरी लिव्हग्रेन यांच्यावर त्याचा भार अधिक होता.

याच सुमारास लिव्हग्रेन घरी बसून गिटारवर एक सराव करीत असत. विजेच्या गिटारीवर त्यांचा हात बसलेला होता. पण बोटांनी स्वतंत्रपणे तारा छेडण्याची पद्धत त्यांना आत्मसात करावयाची होती. तीत अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर संथ गती धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर स्वर विणत जातात. हात वळावा म्हणून त्यांनी स्वतःसाठी एक लहानसा पाठ बांधला. त्यात एकाच स्वरसंघातील एखादाच स्वर हळुवार सरकतो आणि मूळ गती अखंड राहते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा निव्वळ पलटा होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या वाड्यांतून पहाटेचे पलटे कानी पडलेल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको की, पलटा घरात घोटावयाचा असतो. तो मैफलीत मांडावयाचा नसतो.

हा पलटा ओळखला तो लिव्हग्रेन यांच्या पत्नीने. शेजारून जाताना तिने ते स्वर ऐकले आणि याला शब्द दिले पाहिजेत असे सुचविले. लिव्हग्रेन तेव्हा अमेरिकेतील आदिवासींच्या कवितांचे एक पुस्तक वाचत होते. माणसाला वाऱ्यावरच्या धुळीची उपमा देणारी एक ओळ त्यांच्या मनात रुतून बसली आणि तिच्याभोवती गीत उभे राहिले. ऐश्वर्य दाराशी आले असतानाच त्याच्या नश्वरतेचे गीत सुचावे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी कॅन्सससह कित्येक प्रांतांतील शेती उद्ध्वस्त केली होती. गीताचा उगम त्या आपत्तीत शोधणे योग्य होणार नाही. पण त्या भूमीतील श्रोत्याला धूळ आणि वारा हे शब्द केवळ अलंकार वाटले नसतील, असे आम्हांस वाटते. मर्त्यांची माती हा विचार बायबलमध्ये आहे, तसाच तो आपल्या संतांच्या वाणीतही आहे. म्हणूनच आपल्याला ही उपमा परकी वाटत नाही.

लिव्हग्रेन यांना मात्र हे गीत वृंदाच्या प्रकृतीला मानवेल असे वाटत नव्हते. सहकाऱ्यांना ऐकवतानाही ते साशंक होते. ऐकताच सहकाऱ्यांनी ते घेण्याचा आग्रह धरला, आणि विलक्षण म्हणजे आपल्याच गीताविरुद्ध वाद घातला तो रचनाकाराने! अखेर सहकाऱ्यांचे मत चालले. आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा यापुढे आहे. एवढी वाद्ये, एवढे कौशल्य हाताशी असताना त्यांनी गीतावर काही लादले नाही. ढोल-ताशांचा गजर नाही. लिव्हग्रेन आणि रिच विल्यम्स यांच्या दोन साध्या गिटारी, स्टीव्ह वॉल्श यांचा गळा आणि मधल्या भागात रॉबी स्टाइनहार्ट यांच्या व्हायोलिन व व्हायोलाचे आर्त स्वर, एवढाच संभार. पलट्याचा साधेपणा त्यांनी जपला.

‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ या १९७७ च्या ध्वनिमुद्रिकेतून हे गीत आले. जानेवारी १९७८ मध्ये ते स्वतंत्र तबकडीच्या रूपाने निघाले आणि एप्रिलमध्ये बिलबोर्डच्या क्रमवारीत सहाव्या स्थानावर पोहोचले. पहिल्या दहांत गेलेले या वृंदाचे हे एकमेव गीत. ज्यांनी दहा-दहा मिनिटांच्या रचना बांधल्या, त्यांना जग ओळखते ते साडेतीन मिनिटांच्या या अपवादामुळे. पुढे सेरा ब्राइटमन यांच्यासारख्या निराळ्या परंपरेतील गायिकेनेही ते गायिले.

यानंतर काळाने आपले काम केले. लिव्हग्रेन १९७९ मध्ये ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले आणि १९८३ मध्ये वृंदातून बाहेर पडले. २००९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून सावरून ते पुन्हा संगीताकडे आले. व्हायोलिन वाजविणारे स्टाइनहार्ट २०२१ मध्ये निवर्तले.

या यशाचे श्रेय वाटू गेले तर वाटेकरी अनेक निघतात. दाराआडून ऐकणारी पत्नी, हट्टाला पेटलेले सहकारी, आणि ज्याची ओळ पुस्तकातून इथवर आली तो आदिवासी कवी. त्या कवीचे नाव गीताच्या श्रोत्यांपर्यंत कधी पोहोचले नाही. आपल्याकडेही कितीतरी ओव्या अशाच निनावी राहून पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या गेल्या. परमुलखात मराठी जपणाऱ्या आपल्या घरांतून आजही कोणी पलटे घोटीत असेल, कोणी आजीच्या ओव्या वहीत उतरवून घेत असेल. त्यांतले काय टिकेल हे करणाऱ्याला कळत नाही. शेजारच्या खोलीत कान देऊन ऐकणारे कोणी असावे लागते.