ओळखक्रमांक, अनन्य

संगणक प्रणालीतील नोंद, फाइल, यंत्र अथवा व्यक्ती इतर सर्वांपासून निःसंदिग्धपणे वेगळी ओळखता यावी, यासाठी तिला दिलेला व दुसऱ्या कोणासही न दिलेला क्रमांक. नावे सारखी असू शकतात आणि कालांतराने बदलतात. म्हणून संगणकाला नावाहून स्थिर खूण लागते. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित माहितीसंचयाच्या सिद्धांतात प्रत्येक नोंद निश्चितपणे ओळखणाऱ्या ‘प्रायमरी की’ला महत्त्वाचे स्थान आहे.

एकाच संगणकावर १, २, ३ असे क्रमांक देत गेले की काम भागते. अनेक यंत्रे स्वतंत्रपणे क्रमांक देऊ लागली की मात्र एकच क्रमांक दोन वस्तूंना मिळण्याचा धोका उद्‌भवतो. प्रत्येक वेळी मध्यवर्ती यंत्रणेकडे क्रमांक मागावा, तर काम खोळंबते. या अडचणीवर निघालेले उपाय हाच अशा क्रमांकांचा इतिहास होय.

पहिला उपाय अधिकार वाटून देण्याचा. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ईथरनेट या जाळ्याची कल्पना मांडली गेली. प्रायोगिक जाळ्यात यंत्राचा पत्ता ८ बिटांचा होता. त्यात केवळ २५६ पत्ते मावत. झेरॉक्स, डिजिटल इक्विपमेंट व इंटेल या कंपन्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात तो ४८ बिटांचा झाला. यंत्र कोणत्याही जाळ्यात नेले, तरी त्याचा क्रमांक तोच राहावा, हा त्यामागील विचार योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मधील निबंधात स्पष्ट केला. यांपैकी दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर होत. पत्त्याचा पहिला अर्धा भाग निर्मात्या कंपनीस नेमून दिला जातो व दुसरा कंपनी स्वतः ठरविते. त्यामुळे अशा एका वाट्यात १,६७,७७,२१६ पत्ते कोणासही न विचारता देता येतात.

दुसरा उपाय स्थळ व काळ यांची सांगड घालण्याचा. १९८० नंतरच्या दशकात मॅसॅचूसेट्समधील अपोलो कंप्यूटर या कंपनीने यंत्राचा क्रमांक व निर्मितीची वेळ एकत्र करून वस्तूंना क्रमांक दिले. त्यातूनच पुढे १२८ बिटांचा ‘यूयूआयडी’ विकसित झाला. त्याच्या पहिल्या प्रकारात १५ ऑक्टोबर १५८२ या, ग्रेगरियन दिनदर्शिकेच्या पहिल्या दिवसापासूनची वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजून तिला ईथरनेट पत्ता जोडतात.

मात्र यामुळे क्रमांक कोठे व केव्हा निर्माण झाला, हेही उघड होते. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड ९७ मधील लेखांत असा क्रमांक दडलेला असतो, हे मार्च १९९९ मध्ये निदर्शनास आले, तेव्हा त्यावर मोठी टीका झाली. कारण नाव न घालता लिहिलेला मजकूरही त्यावरून लेखकाच्या यंत्रापर्यंत पोहोचवू शकत होता. यानंतर यदृच्छ अंकांचा प्रकार अधिक रूढ झाला. त्यात १२२ बिट यदृच्छ असतात. अनन्यत्वाची येथे हमी नसते, केवळ संभाव्यता असते. परंतु एखादी पुनरुक्ती होण्याची शक्यता निम्मी व्हावयास २७ वर सतरा शून्ये, इतके क्रमांक निर्माण करावे लागतील. या क्रमांकांचे इंटरनेट मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले व २०२४ मध्ये सुधारले गेले.

व्यक्तींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक ठरतो. भारतातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. या १२ अंकांतून जन्मतारीख, लिंग वा राज्य सूचित होत नाही. शेवटचा अंक केवळ पडताळणीसाठी असतो. तथापि क्रमांक स्वतः अर्थशून्य असला, तरी निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी त्याच्या आधारे एकत्र जुळविता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायदा मुख्यतः वैध ठरविला, परंतु खाजगी संस्थांना त्याच्या वापराची मोकळीक देणारी तरतूद रद्द केली. २०१९ मधील दुरुस्तीने ऐच्छिक वापरास मर्यादित वाट दिली. एकाच क्रमांकाने ओळख निश्चित होते आणि माणसाचा माग काढणेही सुलभ होते. म्हणून क्रमांक कसा निर्माण करावा याइतकाच, त्याने कोणत्या नोंदी जोडाव्यात व कोणी जोडाव्यात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.